पान चौपन्नवरचा केक

"यात माझ्या आईचं नाव कुठंय?" गॅडिसबाईंनी पुस्तक टेबलावर आपटलं. केकच्या ताटलीतला सुरा खणखणला.

टेबलामागं केंडल उभी होती, प्रुइटांची धाकटी सून. पुस्तक तिच्याच डोक्यातून निघालेलं. 'प्रुइटांच्या शेतावरून: प्रार्थना आणि पाककृती.' मुखपृष्ठावर सगळं कुटुंब कापसाच्या शेतात डोळे मिटून उभं. दर शनिवारी ती ओसरीवर पुस्तकं विकायची आणि केकची एकेक फोड चवीला द्यायची. आधी देवाचे आभार, मग फोड. त्याशिवाय त्या घरात घास कुणाच्या तोंडात जात नसे. आजही रांगेत आठ-दहा बाया होत्या, सगळ्या गोऱ्यांच्या चर्चमधल्या. गॅडिसबाईंचं चर्च ओढ्यापलीकडं, काळ्यांचं.

"कुणाचं नाव, गॅडिसबाई?"

"पर्ली मेचं. एकतीस वर्षं तुमच्या स्वयंपाकघरात राबली ती. पान चौपन्न काढ. जळक्या साखरेच्या पाकाचा केक. खाली काय छापलंयस? 'आमच्या पणजीच्या हातचा.' तुमच्या पणजीनं जन्मात कधी चूल पेटवली होती का?"

रांगेत कुणीतरी खाकरलं. केंडल हसली. चर्चच्या दारात उभं राहून नव्या माणसांकडं बघून हसतात, तसं. "एवढं मनाला लावून घेऊ नका हो. पाककृती काय, सगळ्या देवाच्याच. त्याच्या गौरवासाठी तर चाललंय हे सगळं."

आता बोला. देवाची होती तर खाली देवाचं नाव छापायचं, पणजीचं कशाला? गॅडिसबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आई सकाळी पोरं उठायच्या आत निघायची आणि दिवे लागल्यावर परतायची. प्रुइटांच्या पोरांना गरम बिस्किटं, लोणी, मुरंबा. पर्ली मेच्या पोरांना कालचा मक्याचा पाव. हा केक घरी व्हायचा तो फक्त नाताळात. खरं सांगायचं तर या रागातला एक वाटा आईच्याही नावचा होता. सगळा जीव त्या घरात ओतून ती आपल्या घरी यायची ती नुसती दमून, बोलायलासुद्धा त्राण नसायचं. तेव्हापासून तो राग तसाच होता.

"बायबल मीही वाचते, पोरी," त्या म्हणाल्या. "चोरी करू नको, असं त्यात लिहिलंय."

केंडलचा चेहरा लालबुंद झाला. "चोरी? मूळ कागद आमच्या घरातल्या पत्र्याच्या डब्यात सापडलाय. माझ्या आजेसासूबाईंनी नऊ वर्षांच्या असताना तो लिहिला. चुलीपाशी उभं राहून, ऐकत ऐकत. सांगणारी त्यांची आईच असणार, दुसरं कोण? तुमच्याकडं काय पुरावा आहे?"

पुरावा! गॅडिसबाईंकडं होती ती जिभेवरची चव, आणि 'अंड्याएवढं लोणी' हे दोन शब्द. असं माप त्या पंचक्रोशीत एकटी पर्ली मे सांगायची. काल पुस्तकात तेवढंच वाचलं आणि त्यांनी ते मिटलं. पुढचं वाचायला संतापानं अक्षरंच दिसेनात.

"आणि या केकमध्ये तर आमच्या घराची श्रद्धा आहे," केंडल आता रांगेकडं वळून बोलत होती. "पाक सारखा ढवळावा लागतो. घड्याळ बघायला मान वळवली की करपलाच. म्हणून पणजी प्रार्थनेनं वेळ मोजायच्या. आपल्या चर्चनं त्या काळी परदेशी पाठवलेल्या सहा मिशनऱ्यांसाठी. तीनदा म्हणून झाली की पाक उतरवायचा. आमच्याकडं अजून रोज जेवणाआधी म्हणतात. माझ्या नवऱ्याला ती शाळेत जायच्या आधीपासून पाठ आहे."

तिनं पान चौपन्न उघडलं. सवयीनं रांगेतल्या माना खाली गेल्या.

"देवा, रूफसला सांभाळ. ओलीथाला सांभाळ. एमॉस आणि क्लाइडला भांडू देऊ नकोस. वर्लीनला शहाणपण दे. आणि एर्नेस्टीनच्या छातीतला खोकला बरा कर. आमेन."

"आमेन," बाया म्हणाल्या.

गॅडिसबाईंना घरची चूल आठवली. नाताळात पाक ढवळताना आईचे ओठ हलायचे. ती आकडे मोजतेय असंच पोरांना वाटायचं. काय म्हणतेस, असं एकानंही कधी विचारलं नव्हतं.

"एर्नेस्टीन बिचारी कुठल्यातरी दमट देशात असणार," केंडल हळहळली. "पासष्ट वर्षं या घरात तिच्या खोकल्यासाठी देवाला हात जोडतोय आम्ही. आता तुम्हीच सांगा, गॅडिसबाई, यात तुमच्या आईचा संबंध येतो कुठं?"

गॅडिसबाईंनी टेबलाची कड धरली. रांगेतल्या बायांना वाटलं, म्हातारी वरमली. मग गॅडिसबाई ताठ झाल्या.

"एर्नेस्टीन कुठल्याही देशात गेली नव्हती. इथून दोन मैलांवर गोधडीत खोकत पडली होती, आणि तिची आई तुमचा पाक ढवळत होती. माझा खोकला बरा झाला, पोरी. आता माझ्या आईचं नाव छाप."