बिनआवाजाची फळी

उइलीने स्तोत्राची पहिली ओळ उचलली ती पुस्तकात लिहिल्यापेक्षा चांगली दोन सूर खाली. त्यात नवल काही नव्हतं. सामोआतल्या त्या गावात गाणं उइलीच्या गळ्याने सुरू व्हायचं आणि पियानोने मुकाट त्याच्यामागून जायचं. पण आज पियानोवर बसलेली लोसा ऑकलंडला शिकून आलेली. तिने पुस्तकातलंच वाजवलं आणि चर्चमध्ये नुसता कालवा झाला.

उइली थांबला. पुन्हा उचललं, या वेळी आणखीच खाली. लोसाने पुन्हा पुस्तकातलंच वाजवलं. चौथ्या वर्षापासून शिकलेली, पियानोच्या आठही परीक्षा दिलेली सोळा वर्षांची पोर. तिचे कान लालबुंद झाले.

मारेता तिसऱ्या बाकावर ताठ बसून होती. बत्तीस वर्षं तो पियानो तिने वाजवला होता. मागच्या रविवारी पाळकीणबाई म्हणाल्या, "तुला लिहिलेलं कुठे वाचता येतं, मारेता? तुला देवाने फुकट दिलंय. पोरीने कष्टाने मिळवलंय. आता तिला बसू दे." फुकट! तो शब्द आठवडाभर माशाच्या काट्यासारखा तिच्या घशात अडकला होता. होऊ दे फजिती, असं तिला वाटलंही. पण मागे कुणीतरी फिदकन हसलं, लोसाची मान खाली गेली, आणि मारेताला राहवेना.

ती जाऊन लोसाशेजारी बसली. "पुस्तक मिट."

"मावशी, पुस्तकाशिवाय मला नाही येत गं."

"आणि मला पुस्तकातलं येत नाही. मिट, आणि त्याचं ऐक."

मारेताने उइलीचा सूर पकडला. गाणं सुरळीत पार पडलं.

मग सगळे पाळकांच्या घरी जेवायला बसले. पाळकीणबाई कौतुकाने म्हणाल्या, "काही म्हणा, मारेताला देवाची देणगीच आहे! हे काही शिकून येत नाही."

मारेताचं टाळकंच सणकलं. दर रविवारसारखे भाजलेले तारोचे कंद ती घरून फळीवर घेऊन आली होती. तिने ते सगळे केळीच्या पानावर ओतले आणि रिकामी फळी पाळकीणबाईंसमोर आपटली. फळीवर सुरीने पियानोच्या पट्ट्या कोरलेल्या होत्या. मधल्या काही तर बोटांनी झिजून खोलगट झाल्या होत्या.

"रविवारशिवाय पियानोला हात लावू देत नव्हते आम्हाला. सहा वर्षांची असल्यापासून हिच्यावर वाजवलं मी. हिला आवाज नाही, बाई! एकेक सूर मला गळ्यातून काढावा लागला. आई चटई विणता विणता ऐकायची, आणि चुकला की खराट्याची काडी बसायची पाठीत. ही बघा तुमची फुकटची देणगी!"

लोसाने हात पुसले, फळी जवळ ओढली आणि एका झिजलेल्या पट्टीवर बोट ठेवलं. मग गोंधळून मारेताकडे बघितलं.

"गा की आता," मारेता अजून घुश्शातच होती. "दाबून बोलणार नाही ती."