एकशे एकोणचाळिसावा नियम

सातवं चित्रही बाद झालं.

“मांजर नाही,” दिगंबरपंत म्हणाले.

“सहाव्यात होतं,” मकसूद चितारी म्हणाला. “ते आपणच काढून टाकायला लावलंत.”

“सहाव्यात एकादशी नव्हती. मांजर पटावरून गेलं तर हिरव्याला एक घर पुढे, पण एकादशीलाच. नियम एक्केचाळीस.”

“आणि सातव्यात एकादशी आहे हे कशावरून?”

“खिडकीतला चंद्र तुम्हीच काढलाय. अकराव्या दिवसाचा आहे.” पंतांनी चित्र डोळ्यांजवळ नेलं. “छान आलाय.”

नारायण पेठेतल्या त्या ओसरीवर मकसूद चार महिने बसत होता. पंत सरकारी दफ्तरात कारकून. सगळे खेळ एका पोथीत उतरवायचे असा त्यांचा संकल्प होता आणि प्रत्येक खेळाला मकसूदने एक चित्र द्यायचं होतं. बुद्धिबळ एका दिवसात झालं. गंजिफाला दोन दिवस लागले. शेवटी राहिला आडपट. एक पट, हिरव्या सोंगट्या, पिवळ्या सोंगट्या, दोन माणसं आणि एकशे अडतीस नियम. पोथी पुरी केल्याशिवाय पुणं सोडणार नाही, असा शब्द मकसूदने दिला होता. तेव्हा आडपटाबद्दल त्याला कुणी काही बोललं नव्हतं.

आज बुधवार. शुक्रवारी जुन्नरला त्याच्या मुलीचा, रशीदाचा निकाह होता. वाट दीड दिवसाची. खोगीर घातलेलं तट्टू दाराशी उभं होतं आणि सकाळपासून पंतांची कर्दळ खात होतं.

मकसूदने सातही चित्रं ओळीने मांडली. “यातलं एक निवडा, पंत. कुठलंही.”

पंतांनी पहिल्यापासून सुरुवात केली. पहिल्यात हिरव्याकडचा माणूस मांडी घालून बसला होता. हिरव्याला पाय पसरायची मुभा आहे.

“मुभा आहे. सक्ती नाही ना?”

“न पसरल्यास मुभेला अर्थ काय राहिला?”

दुसऱ्यात पिवळा हसत होता. पिवळ्याने डाव संपेपर्यंत हसू नये. तिसऱ्यात पिवळ्याचा फासा हिरव्यापेक्षा मोठा पडला होता, म्हणजे तो फासाच खोटा. चौथ्यात डाव संपला होता, पण हरलेल्याच्या हातात जिंकणाऱ्याला द्यायच्या चिंचा नव्हत्या. पाचव्यात मकसूदने वैतागून नुसता पट काढला होता, माणसं नाहीतच. पण रिकामा पट म्हणजे हिरवी जिंकली. मग टाळ्या वाजवणारं कुणीतरी नको का?

मकसूदने कुंचला खाली ठेवला. तो रागावला की फार हळू बोलायचा.

“पंत, या खेळात पिवळी कधी जिंकते?”

पंतांनी जरा विचार केला. “तशी नोंद नाही.”

“आपण कुठल्या सोंगट्यांनी खेळता?”

“पिवळ्या.”

“किती वर्षं?”

“एकतीस.”

“आणि हिरव्यांनी?”

पंतांनी माजघराच्या दाराकडे पाहिलं. “घरातलंच माणूस आहे.”

दाराच्या आत पंतांची बायको आनंदीबाई चिंचा फोडत बसली होती. परक्या माणसाशी ती थेट बोलत नसे. काही सांगायचं झालं तर ओसरीवरच्या खांबाला सांगे, ज्याने त्याने आपलं आपलं ऐकून घ्यावं.

“दाराशी तट्टू कशाला उभं आहे म्हणून विचारावं,” ती खांबाला म्हणाली.

“मुलीचा निकाह आहे, बाईसाहेब,” मकसूदनेही खांबाकडेच बघून सांगितलं. “परवा. जुन्नरला. मी पोचलो तर माझ्यासमोर होईल, नाही तर माझ्याशिवाय.”

“केवढी आहे?”

“बारा वर्षांची.”

चिंचा फोडण्याचा आवाज थांबला. बाहेर तट्टू कर्दळ खात होतं तेवढाच आवाज.

“चिताऱ्याची मुलगी सासरी निघाली असेल तर त्याचं पहिलं चित्र धरावं,” आनंदीबाई म्हणाली. “असा नियम आहे.”

पंत चमकले. “कुठे आहे? एकशे अडतिसांत तर नाही.”

“मग एकशे एकोणचाळिसावा.”

आता तासभर वाद होणार हे मकसूदने ओळखलं. ज्या माणसाने चंद्र मोजून मांजर मागितलं, तो असला नियम कसा चालवून घेईल? मकसूद निमूटपणे आठव्या चित्राचा कागद काढू लागला.

पंतांनी बोरू उचलला, शाईत बुडवला, आधी तिथी घातली आणि नियम जसा बोलला गेला तसा लिहून घेतला. एका शब्दाचीही शंका काढली नाही.

“पहिलं चित्र द्या,” ते म्हणाले. “पाय पसरलेले नाहीत, पण आता इलाज नाही.”

मकसूद बघतच राहिला. सात चित्रं, सोळा दिवस, एक मांजर. काही बोललं तर नियम बदलेल या भीतीने तो बोलला मात्र नाही. पहिलं चित्र घेऊन तो पोथीपाशी गेला आणि आडपटाच्या पहिल्या पानाआधी ते ठेवायला वाकला. मोडी त्याला वाचता येत होती, पण हे नियम वाचावेत असं आजवर कधी वाटलं नव्हतं.

प्रत्येक नियमाला तिथी होती. दफ्तरातल्या कागदासारखं प्रत्येकाखाली कारणही होतं. सगळ्यात वर, एकतीस वर्षांपूर्वीच्या कोवळ्या अक्षरात, पहिला नियम होता: हिरवी सोंगटी मेली तरी मेली असं धरू नये.

त्याखाली लिहिलं होतं: समोरचा गडी नऊ वर्षांचा. माहेर आठवून रडत होता. नियम केल्यावर थांबला.