तिसरी रिव्हिजन

गुलबानोनं बाणाचं बटण दाबून धरलं आणि कॉम्प्युटरच्या पडद्यावरची मूठ मागं मागं जात जुनी होऊ लागली. तयार मिळणारी प्लास्टिकची गोल मूठ विरघळली, तिच्या जागी लोखंडी आली, लोखंडीची लाकडी झाली. भिंतीपलीकडच्या शेडमधून यंत्रमागांची खटखट येत होती. खिडकीबाहेर एमआयडीसीचे पत्रे दुपारच्या उन्हात पाण्यासारखे हलत होते.

सुताच्या कांड्या भरायच्या यंत्राला हातानं फिरवायचा एक दांडा असतो. ही त्या दांड्याची मूठ. तिच्या ड्रॉइंगच्या सगळ्या रिव्हिजन, वेळोवेळी सुधारलेल्या, गुलबानोच्या नावावर होत्या. सिस्टीम भरत आली होती आणि गुलबानोची नोकरी संपत आली होती, तेव्हा जाण्याआधी जुनं सगळं तिनंच काढावं असं साहेबांनी सांगितलं होतं. शेवटची रिव्हिजन ठेवायची, आधीच्या पुसायच्या. फक्त एखादं चालू ड्रॉइंग जुन्या रिव्हिजनवर टेकलेलं असेल, तर सिस्टीम ती पुसू देत नाही.

तिसऱ्या रिव्हिजनवर ती थांबली. तिथं तिनं फार वर्षांपूर्वी एक लेयर झाकून ठेवला होता. तो उघडल्यावर मुठीभोवती फिकट निळ्या रेघेत एक पंजा उमटला. करंगळी थोडी बाहेर वळलेली.

शेजारच्या टेबलावरून दिपालीनं मान लांब केली. नातेपुत्याकडची ही पोरगी डिझाइन खात्यात नवीनच होती. कुणाचा हात, तिनं विचारलं.

"अम्मीचा."

मग गुलबानो पडद्याकडं बघतच सांगत राहिली. अम्मी जन्मभर दुसऱ्याच्या कारखान्यात कांड्या भरायची. मुठीचं माप कुणाचं घ्यायचं असा प्रश्न आला, तेव्हा गुलबानोनं घरी स्वयंपाकघरातल्या फरशीवर कागद पसरला, त्यावर अम्मीचा हात ठेवला आणि कडेकडेनं पेन्सिल फिरवली. अम्मीला हसू आवरेना. "गुदगुली होरी, जल्दी कर," म्हणत राहिली. म्हणून तर अनामिकेजवळची रेघ अशी थरथरली होती. बाकीचा सगळा पंजा सरळ होता, तेवढीच जागा हसत होती.

कागद पुढं कुठं गेला कळलं नाही. आता अम्मीही नव्हती.

"प्रिंट काढून घरी न्या की," दिपाली म्हणाली.

"कागद होताच की एकदा. हरवला. आणि घरी नेऊन काय करू? भिंतीला लावू? अम्मीला नुसतं बसून राहिलेलं कधी बघितलं नाही मी."

बोलता बोलता तिनं चित्र खऱ्या मापाचं केलं आणि आपला हात काचेवर ठेवला. तिची बोटं चारी बाजूंनी निळ्या रेघेबाहेर आली. तिनं हात काढला, परत ठेवला.

"एवढासाच होता?"

लहानपणी न्हाऊ घालताना हा हात तिची सगळी पाठ झाकायचा. साबणाच्या वासासकट तिला तो आठवत होता, सुपाएवढा. ती बघतच राहिली. मागांची खटखट जवळ आल्यासारखी, मग लांब गेल्यासारखी वाटली.

दिपाली उठून आली. काही न विचारता तिनं आपला हात पडद्यावर टेकवला. तो निळ्या रेघेत नेमका बसला. करंगळी तेवढी वळायची राहिली.

"अगं बाई," दिपाली म्हणाली आणि आपल्या जागेवर गेली.

गुलबानोनं पुसायच्या रिव्हिजनसमोर एकेक खूण केली. तिसरीसमोर बोट रेंगाळलं, पण तिथंही केली. एकीसाठी नियम मोडला असं जाताना कुणी म्हणायला नको होतं.

"मॅडम, जरा थांबा. लगेच दाबू नका," दिपाली मान वर न करता म्हणाली.

ती तिच्या नव्या यंत्राच्या ड्रॉइंगमध्ये शिरली होती. बऱ्याच वेळानं तिनं खुर्ची वळवली. तिच्या दांड्यावरची गोल प्लास्टिकची मूठ गेली होती. तिथं तिसऱ्या रिव्हिजनची लाकडी मूठ बसली होती.

गुलबानोचा चेहरा उतरला. "माझ्यासाठी असलं काही करू नकोस गं."

"तुमच्यासाठी कशाला? तुमी तर निघाला. चाचणीला रोज मला फिरवायचं हाय, अन् त्या बाजारातल्या मुठीला माझी बोटंच पुरत न्हाईत. साहेबांनाबी सांगितलंय मी. आता ही लाकडी बघू म्हणून दाखवते त्यांना." मग हळूच म्हणाली, "आता दाबा."

गुलबानोनं बटण दाबलं. ओळी एकामागून एक विझत गेल्या, रात्री पेठेतल्या दुकानांचे दिवे जावेत तशा. सगळ्यात वर एक ओळ उरली, शेवटच्या रिव्हिजनची. आणि खाली एक, तिसरी. ही वापरात आहे, काढता येणार नाही, असं सिस्टीम म्हणत होती.

 पडद्यावर पंजा अजून उघडाच होता. अनामिकेजवळच्या त्या थरथरत्या रेघेवर गुलबानोनं बोट ठेवलं.

"जल्दी कर, जल्दी कर म्हणायची," ती म्हणाली, "आणि हात काही काढायची नाही."