ना हरकतीची सही

पक्षाच्या उमेदवारीचा बी फॉर्म टेबलावर होता, पेन खिशात होतं आणि धम्मदीप निवांत चहात खारी बुडवत होता. समोर खुर्चीच्या टोकावर म्हातारे उत्तमराव वकील घड्याळाकडे डोळे लावून बसले होते. पावणेतीन वाजले होते. तीनच्या आत हा कागद तहसिलीत पोचला नाही, तर त्यांच्या लेकीचं, आरतीचं बाळापूरच्या नगराध्यक्षपदाचं तिकीट बोंबललं. विश्रामगृहापासून तहसील दहा मिनिटांवर.

“साहेब, तेवढी सही...”

“करतो ना वकीलसाहेब. पेनातली शाई सरली वाटते.”

उत्तमरावांचा चेहरा पडला. हे वाक्य त्यांचंच होतं.

वीस वर्षांपूर्वी याच गावच्या कोर्टात सुंदराबाईचा खटला उत्तमरावांकडे होता. तिचा पोरगा वकिलीची नवी सनद घेऊन आला. आईचं घर पडू नये म्हणून त्याच दिवशी स्थगिती मागायची होती. पण पहिल्या वकिलाच्या ना हरकतीच्या सहीशिवाय दुसऱ्याचं वकीलपत्र पुढे सरकत नाही. उत्तमरावांनी पोराला दिवसभर बाररूमच्या दाराबाहेर ताटकळत ठेवलं. शाई सरली, चष्मा राहिला, चहा येऊ दे. सही दिली ती कोर्ट उठल्यावर. दुसऱ्या दिवशी सकाळीच घरावर बुलडोझर फिरला.

तो पोरगा आता पक्षाचा प्रदेशाध्यक्ष होता. आणि आजच्यासारखा गोड चहा त्याने जन्मात प्यायला नव्हता.

उत्तमरावांनी हात जोडले. “चुकलो मी, धम्मदीप. पन माह्या पोरीनं काय केलं तुयं?”

“माह्या मायनं काय केलं होतं तुमचं?”

तीन वाजून पाच मिनिटांनी धम्मदीपने पेन काढलं. ठसठशीत सही केली, वर फुंकर मारली.

“घ्या. आपली काई हरकत नाई.”

उत्तमरावांनी कागदाची नीट घडी घातली, खिशात ठेवली आणि भिंतीला धरत बाहेर गेले. धम्मदीपला हलकं वाटलं. तेवढ्यात अमरावतीहून आईचा फोन आला.

“काऊन रे, आरतीले फारम देला का? काल घरी आली होती. पाया पडली, माह्यापाशी बसून जेवली. गुनाची पोरगी हाये.”

“देला, माय. सही करून देला.”

पलीकडून सुंदराबाईने विचारलं,

“किती वाजता?”