गल्लीचा रंग

"नकाशावर आमची गल्ली पिवळी आहे. ती पिवळीच राहू द्या." लमूनने वाचायला सुरुवात केली आणि विहाराच्या सभामंडपातली कुजबुज थांबली.

कागद चारुवानबाईंचा होता. बाई भूगोलाच्या निवृत्त शिक्षिका, सगळी गल्ली त्यांना मानायची. घशाचं ऑपरेशन झालेलं, महिनाभर तोंडातून शब्द काढायचा नाही अशी डॉक्टरांची सक्त ताकीद. म्हणून सकाळी त्यांनी वहीत लिहून दाखवलं होतं, 'तू वाच. तुझा आवाज खणखणीत आहे.' लमून त्यांच्याकडे नऊ वर्षं कामाला होती. बाईंना नाही म्हणायची तिला सवय नव्हती.

टेबलामागे नगररचना खात्याचा तरुण अधिकारी बसला होता आणि त्याच्यामागे भिंतभर बँकॉकचा नकाशा होता. पिवळा म्हणजे बुटकी घरं, तपकिरी म्हणजे उंच इमारती. गल्लीच्या तोंडाशी मेट्रोचं स्टेशन झालं, तेव्हापासून गल्ली तपकिरी करायचं घाटत होतं. त्यावरच आज सुनावणी होती; बोलायला प्रत्येकाला तीन मिनिटं.

"रस्ता सहा मीटरचा. आगीचा बंब वळत नाही. पावसात घोट्याएवढं पाणी तुंबतं. वीस मजले उभे राहिले तर आमच्या अंगणात ऊन पडायचं नाही." माणसं माना डोलावत होती. लमूनने पान उलटलं. शेवटच्या ओळीशी ती अडखळली, पण वाचली. "जे या गल्लीत झोपत नाहीत, त्यांनी तिच्या रंगाविषयी बोलू नये."

टाळ्या पडल्या.

"नाव, पत्ता सांगा. नोंदीला लागतो," अधिकारी म्हणाला.

"बाईंचा?"

"वाचणाऱ्याचा."

"लमून. राहायला नोंगचोकला."

"नोंगचोक?" गॅरेजवाले सोंफोतकाका मागून ओरडले. "अगं, तिथनं पुढे नुसती भाताची शेतं! तुझा काय संबंध आमच्या गल्लीशी?"

मंडप हसला. अधिकाऱ्याने हात वर केला. "आराखडा सगळ्या शहराचा आहे, काका. नोंगचोकही शहरातच येतं." मग तो तिच्याकडे वळला. "चाळीस सेकंद उरलेत. तुमचं स्वतःचं काही?"

लमूनने बाईंकडे पाहिलं. बाई नकाशाकडे बघत होत्या. नाही म्हणायचं आणि खाली बसायचं, एवढंच तर होतं.

"बाईंनी लिहिलंय ते खरं आहे," ती म्हणाली. "पाणी तुंबतं. मीच उपसते. पण ते उपसायला मला पहाटे चारला उठावं लागतं. आधी वडापची जीप, मग एक बस, मग दुसरी. मेट्रो आली तेव्हा वाटलं, जवळपास एखादी खोली बघू. पण इथं खोल्याच नाहीत, नुसते बंगले. उद्या उंच इमारत झाली तरी मला परवडेल का, देव जाणे. पैसेवालेच येतील बहुतेक. पण आता आहे त्यात तर माझ्यासारखीला जागा नाहीच ना."

घंटा वाजली. या वेळी टाळ्या पडल्या नाहीत.

लमून जागेवर येऊन बसली. बाईंनी तिच्या हातातला कागद घेतला, खाली सही केली आणि उठून अधिकाऱ्याला नेऊन दिला. त्यातली एक ओळही त्यांनी खोडली नव्हती.

बाईंच्या घरी परतताना लमून दोन पावलं मागूनच चालली. नऊ वर्षं ज्यांचं मीठ खाल्लं, त्यांच्याविरुद्ध चारचौघांत बोलून बसले, आता दुसरं काम शोधावं लागणार, हेच तिच्या डोक्यात घोळत होतं. तिने भाताची मऊ पेज केली, आलं घातलं, वाडगा बाईंपुढे ठेवला. बाई सावकाश जेवल्या. वही बाजूलाच होती, पण त्यांनी ती उघडली नाही. दुपारी त्या आतल्या खोलीत गेल्या. कपाट उघडल्याचा आवाज आला, एवढंच.

साडेपाचला भांडी आवरून लमूनने दारातून हाक दिली, "येते, बाई."

ती निघाली.

थांब्यावर तिची बस आली, ती चढली आणि खिडकीजवळ बसली. तेवढ्यात दारातला दांडा धरून, धापा टाकत चारुवानबाई वर आल्या. खांद्याला कापडी पिशवी. लमून ताडकन उभी राहिली.

"बाई, तुम्ही? अहो, ही गाडी लांब जाते!"

बाईंनी तिला हाताने खाली बसवलं आणि शेजारी बसल्या. तिकिटं-नाण्यांची पत्र्याची नळी खुळखुळवत, लमूनला रोज पाहणारी कंडक्टरबाई आली. "कुठं, आजी?"

बाईंनी लमूनकडे बोट दाखवलं आणि दोन बोटं वर केली.

"ही जाते तिथं? आजी, पुढे आणखी दोन गाड्या बदलायच्यात हां. तुम्ही पोचाल तोवर परतीचं काही मिळायचं नाही."

बाईंनी मान हलवली, ठाऊक आहे अशी. मांडीवरच्या पिशवीचं तोंड उघडं होतं. आत गोळ्यांची डबी, आणि नीट घडी केलेली त्यांची रात्री नेसायची लुंगी.

गाडी मोठ्या रस्त्याला लागली. बाईंनी चपला काढून सीटखाली सरकवल्या आणि पाय वर घेऊन मांडी घातली.