पृथ्वीतलं डोकं

"काका, हा फ्लेक्स आमच्या बाल्कनीवरून काढा ना. आत आईचा कढीपत्ता उन्हावाचून मरतोय."

"अरे, त्यावर काय लिहिलंय ते तरी वाच," सोसायटीचे अध्यक्ष चाफेकरकाका म्हणाले. लिहिलं होतं, 'एक झाड जगवा, पृथ्वी हसेल.' मधोमध हसरी पृथ्वी, कोपऱ्यात हसरे काका. हरित सोसायटी स्पर्धेचा निकाल लागेपर्यंत फ्लेक्स हलणार नव्हता.

शेवटी मी कात्रीनं पृथ्वीला भोक पाडलं. कुंडीवर ऊन आलं. बाहेरून कितपत कळतंय ते बघायला मी डोकं बाहेर काढलं, तर खाली स्पर्धेचे परीक्षक उभे.

संध्याकाळी काका आले. दंडाची तयारी ठेवून दार उघडलं, तर त्यांनी पेढाच भरवला. "पहिला नंबर! पृथ्वीतून माणूस उगवतो, काय कल्पना आहे! आता रोज लोक फोटो काढायला येणार. ऊन असेपर्यंत डोकं बाहेर ठेवायचं. आत घेतलंस तर सगळ्यांचं बक्षीस जाईल."

"आणि कढीपत्ता?"

"त्याच्यासाठीच तर चाललंय सगळं!"

आता ऊन असेपर्यंत मी भोकात असतो. लोक हात हलवतात, मी हसतो. मागून आईचा आवाज येतो, "बाळा, मान जरा वाकडी कर. कढीपत्त्यावर तुझी सावली पडतेय."