पियोची सवलत

पियोने उन्हं असतानाच संगणक बंद केला. "निघतो, साहेब," असं मान लववून म्हणाला आणि चालू लागला. देसिकच्या अंगाचा तिळपापड झाला.

सकाळी लवकर येऊन लवकर जायची सवलत कंपनीने सगळ्यांनाच दिली होती. घेतली एकट्या पियोने. देसिक त्याचा विभागप्रमुख, पण वरिष्ठ बसलेले असताना उठायची त्याची छाती नव्हती. कोरियात, सोल शहरातल्या ऑफिसांत असं उठणं म्हणजे बढतीवर पाणी सोडणं. तरी उत्तम कामाचं यंदाचं बक्षीस मिळालं ते पियोलाच, आणि हेच देसिकच्या घशाखाली उतरत नव्हतं.

घरी तरी सुख असावं? तिथे युलच्या बाबांचं पुराण. देसिकची बायको मिरान इतक्या वर्षांनी पुन्हा नोकरीला लागली होती, ती याच शेजाऱ्याच्या जिवावर. आपल्या युलबरोबर तो त्यांच्या सोदामलाही शाळेतून आणायचा आणि मिरान येईपर्यंत सांभाळायचा. देसिक घरी पोचायचा तोवर लेक पेंगुळलेली असायची.

"युलच्या बाबांनी किंबाप केला," रविवारी सोदाम सांगत होती. "भात गुंडाळायला मला शिकवलं."

"मीही शिकवीन."

"कधी?"

मिरान हसली. देसिक जळफळला. "रिकामटेकडा दिसतो."

"असेना. इमारतीच्या फाटकाशी भेटतो तेवढंच, नावही ठाऊक नाही. मी सोदामची आई, ते युलचे बाबा. ते आहेत म्हणून माझी नोकरी आहे."

त्याच आठवड्यात ऑफिसचं जेवण होतं. संचालकांच्या पेल्यात दोन्ही हातांनी सोजू ओतता ओतता देसिक हळूच म्हणाला, "पियो गेला की त्याचं काम आमच्याच गळ्यात पडतं, साहेब. बाकीचे कुरकुरतात." कुणीही कुरकुरत नव्हतं.

"असं? बघतो," संचालक म्हणाले.

सोमवारी पियोची सवलत गेली. त्याचा चेहरा पडला. संध्याकाळी काळोख झाला तरी तो खुर्चीतच होता. देसिकला किती दिवसांनी बरं वाटलं. घरी जाताना त्याने सोदामसाठी स्ट्रॉबेरी घेतल्या.

मिरान ऑफिसच्या कपड्यांतच स्वयंपाकघरात बसून होती.

"काय झालं गं?"

"युलचे बाबा आता नाही येऊ शकत. त्यांच्या विभागप्रमुखाने वर कान भरले म्हणे, लवकर निघायची सवलत गेली. बिचारे फोनवर माझीच माफी मागत होते." तिने स्ट्रॉबेरी त्याच्या हातातून घेतल्या. "मी राजीनामा देऊन आले."